तुळस का वाळते? वृंदावनातील रोपाच्या जोपासनेचा एक पाठ

आपण ज्या भागात राहतो त्याचे नाव वाडी. वाडी म्हणजे राखलेली बाग, हा अर्थ मराठीतही आहे व गुजरातीतही आहे. गायकवाडांच्या राज्यस्थापनेबरोबर अठराव्या शतकात मराठी कुटुंबे वडोदऱ्यास येऊन स्थिरावली, तेव्हा वाड्याच्या चौकात व परसात तुळशीवृंदावन बांधणे हे त्यांना देवघर मांडण्याइतकेच अगत्याचे वाटले. कार्तिकात ह्या नगराचा तुळशीशी असलेला संबंध विशेष प्रकट होतो. प्रबोधिनी एकादशीस विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो, आणि देवदिवाळीस, म्हणजे कार्तिकी पौर्णिमेस, नरसिंहजींची स्वारी तुळशीवाडीस जाऊन तेथे तुळशीविवाह साजरा होतो.

अशा ह्या नगरात घरोघरची तुळस मात्र फार काळ जगत नाही, ही विचार करावयास लावणारी गोष्ट आहे. कार्तिकात बाजारातून रोप आणावे, थाटाने विवाह लावावा, वैशाखापर्यंत ते वाळून काटकी व्हावी, आणि पुढील कार्तिकात पुन्हा दुसरे रोप आणावे, असा क्रम अनेक घरी पडून गेला आहे. एवढेच असते तर त्यावर लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. परंतु तुळस वाळली की घरातील मंडळींच्या मनात शंका उत्पन्न होते. कोणी त्यास अपशकुन समजतो. कोणी म्हणतो, घरावर संकट येणार. कित्येक घरी तर विटाळात स्पर्श झाला असेल, सुनेचा हात लागला असेल, असे बोलून त्या रोपाच्या मृत्यूचा दोष घरातील एखाद्या भगिनीवर ठेवला जातो. बिचारी निमूटपणे ते ऐकून घेते. वास्तविक ज्या कारणाने तुळस वाळते ते कारण बहुधा कुंडीच्या तळाशी असते. ते पाहण्याचे श्रम मात्र कोणी घेत नाही.

यास्तव प्रस्तुत पाठात तुळस ही वनस्पती म्हणून कशी आहे, वडोदऱ्याच्या हवेत तिला काय मानवते व काय बाधते, आणि आपल्या पूजाविधीशी तिच्या जोपासनेचा मेळ कसा घालावा, ह्याचा क्रमाने विचार करू.

१. तुळशीचे कुळ

तुळस ही भारतभूमीचीच वनस्पती होय. वनस्पतिशास्त्रात तिला 'ऑसिमम टेन्युइफ्लोरम' म्हणतात. हे नाव लिनियस ह्या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३ साली दिले; पुढे १७६७ साली त्यानेच 'ऑसिमम सँक्टम', म्हणजे पवित्र ऑसिमम, असे दुसरे नाव दिले. एकाच वनस्पतीस दोन नावे असल्यास आधीचे ग्राह्य धरावे, ह्या नियमाने आज पहिले नाव शास्त्रसंमत आहे. तथापि दुसरेही पुष्कळ ग्रंथांत आढळते.

पुदिना, मरवा, सब्जा ह्या सर्व सुगंधी वनस्पती तुळशीच्याच कुळातील. ह्या कुळाची खूण सोपी आहे. तुळशीची कोवळी काडी बोटांत फिरवून पाहावी; ती वाटोळी नसून चौकोनी लागेल. पाने समोरासमोर जोडीने येतात, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोन करून बसते. पानांवर व काडीवर अतिसूक्ष्म ग्रंथी असून त्यांत सुगंधी तेल साठलेले असते. पान चुरगळले की ह्या ग्रंथी फुटतात व वास दरवळतो. ह्या तेलात 'युजेनॉल' हे द्रव्य असते. लवंगेच्या तेलातील मुख्य द्रव्यही तेच. म्हणूनच तुळशीच्या पानास लवंगेची आठवण करून देणारा तिखटपणा असतो.

आपल्याकडे हिरव्या पानांची ती श्वेत किंवा राम तुळस आणि जांभळट झाक असलेली ती कृष्ण तुळस, असा भेद करतात. हे दोन्ही एकाच जातीचे प्रकार होत. सब्जा ही मात्र वेगळी जाती. तिचे बी पाण्यात फुगते व फालुद्यात घालतात. मोठ्या पानांची, पुरुषभर वाढणारी रानतुळसही वेगळी. कापूरतुळस तर मूळची आफ्रिकेतील आहे. रोप विकत घेताना ह्या भेदाकडे लक्ष द्यावे; वासावरून ओळख सहज पटते.

तुळशीचे झुडूप साधारणपणे दीड ते अडीच फूट वाढते, बुंध्याशी काष्ठमय होते व दोनतीन वर्षे चांगले जगते. त्यानंतर ते जीर्ण होऊन वाळणे हा निसर्गक्रमच आहे. वारकऱ्याच्या गळ्यातील माळेचे मणी ह्या वाळलेल्या काष्ठाचेच असतात. तेव्हा जुनी तुळस वाळली ह्यात भिण्यासारखे काही नाही. तिचे वंशज रोप आधीच तयार नव्हते, एवढीच काय ती उणीव.

२. वडोदऱ्याची हवा व माती

तुळस ही काटक आहे. उन्हाला ती सहसा हटत नाही. गरिबाच्या अंगणात विशेष खताशिवायही वाढते. तिला दोन गोष्टी मात्र सोसत नाहीत : अंधार आणि साचलेले पाणी. ह्या दोन शब्दांत तिच्या जोपासनेचे निम्मे शास्त्र आले.

वडोदऱ्यास पाऊस वर्षाकाठी सुमारे ९०० मिलिमीटर पडतो व तो बहुतेक सर्व जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांतच. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. हिवाळ्यात पहाटे तो १० ते १२ अंशांपर्यंत उतरतो. माती दोन प्रकारची : एक गोराडू, म्हणजे गाळाची भुसभुशीत, दुसरी काळी, चिकण. काळी माती पावसात पाणी धरून ठेवते व उन्हात आवळून भेगाळते. केवळ तीच कुंडीत भरली तर मुळे आधी गुदमरतात व मग तुटतात. कुंडीसाठी दोन भाग गोराडू माती, एक भाग नदीची जाड वाळू व एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, असे मिश्रण करावे. ओल्या मातीची मूठ वळून बोटाने टोचावी. ती सहज फुटली तर मिश्रण योग्य समजावे.

३. पूजेमुळे होणारे अपाय

तुळस वाळण्याची कारणे शोधू लागल्यास असे दिसून येते की, उपेक्षेने मरणाऱ्या तुळशी थोड्या. अतिसेवेने मरणाऱ्याच अधिक.

पहिले कारण पाणी. घरातील प्रत्येक माणूस स्नानोत्तर एकेक तांब्या पाणी घालतो. पूर्वी वाड्यातील वृंदावन मातीशी एकजीव असे. घातलेले पाणी जमिनीत खोल मुरून जाई. आज गॅलरीतील सिमेंटचे किंवा संगमरवरी छोटे वृंदावन म्हणजे पुष्कळदा बिनभोकाचा पेलाच असतो. त्यात पाणी तुंबते. मुळांस पाण्याइतकीच हवा लागते. ती न मिळाल्यास मुळे कुजतात. कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही म्हणून पाने मान टाकतात. ते पाहून आपण समजतो की रोप तहानले आहे, आणि आणखी पाणी घालतो. अशा रीतीने तुळस पाण्यात उभी असताना तहानेने मरते.

उपाय सोपा आहे. वृंदावनाच्या तळास अंगठ्याएवढे भोक पाडून घ्यावे. त्यावर खापरीचा तुकडा व दोन बोटे जाडीचा विटांच्या तुकड्यांचा थर द्यावा. ते पाडता येत नसल्यास भोकाची कुंडी वृंदावनात बसवावी व तिच्याखाली विटेचे तुकडे ठेवावे. नवे सिमेंटचे वृंदावन असेल तर त्यातील चुनखडीचा अंश जावा म्हणून आठवडाभर पाणी भरावे, रोज ते पाणी बदलावे व मगच माती घालावी. नित्याच्या पूजेत पळीभर पाणी घालावे. उरलेले अर्घ्य ताम्हनात सोडून दुसऱ्या झाडास द्यावे. रोपाची खरी तहान मात्र बोटाने पाहावी. दोन पेरे बोट मातीत घालून माती कोरडी लागली तरच तळातून पाणी निथळेपर्यंत घालावे. पावसाळ्यात उघड्यावरील कुंडीस पळीभरापेक्षा अधिक पाण्याची गरज बहुधा नसते.

दुसरे कारण अंधार. तुळशीस निदान पाच-सहा तास थेट ऊन हवे. आपल्या वाडीतील अरुंद गल्ल्यांत, उंच इमारतींच्या मधोमध, तळमजल्याच्या अंगणात इतके ऊन क्वचितच उतरते. उन्हावाचून रोपाचे पेर लांबते, पाने विरळ व फिकी होतात, आणि किडीस ते लवकर बळी पडते. अशा घरांनी दोन कुंड्यांची योजना करावी. एक कुंडी वृंदावनात, दुसरी गच्चीवर. आठवड्याने त्यांची अदलाबदल करावी. एकीची पूजा होते तेव्हा दुसरीस विश्रांती मिळते, आणि दोन्ही जगतात.

तिसरे कारण पूजाद्रव्ये. मुळाशी ओतलेले दूध नासते, त्यावर बुरशी धरते व मुंग्या येतात. दिव्याचे तेल मातीवर सांडले तर तिचा वरचा थर पाणी शिरू देत नाही. निरांजन फांद्यांखाली ठेवल्यास कोवळी पाने होरपळतात. ते हातभर दूर, कोनाड्यात ठेवावे. हळदकुंकू रोपास न वाहता वृंदावनाच्या भिंतीस लावावे. चुनरी नेसविली तर विधी होताच काढून ठेवावी. महिनाभर वस्त्राखाली झाकलेले रोप ऊन कोठून घेणार? ह्यात देवाचा अनादर मुळीच नाही. ज्याची पूजा करावयाची ते जिवंत राहील अशी पूजा करणे हाच आदर होय.

४. बीजापासून विवाहापर्यंत

तुळशीचे वर्ष व आपले धार्मिक वर्ष ह्यांचा मेळ विलक्षण आहे. आषाढी एकादशीस रोप लावावे. चातुर्मासाचे चार महिने ते वाढते. लावणीपासून सुमारे तीन महिन्यांत तुळस ऐन बहरात येते, असा शेतकऱ्यांचा अनुभव आहे. म्हणजे कार्तिकी द्वादशीस विवाहाची वधू मंजिऱ्यांनी सजलेली असते. हे रोप बाजारातून न आणता घरच्याच बीजाचे असावे, असा आमचा आग्रह आहे.

बी धरण्याची रीत अशी : विवाह आटोपल्यावर ज्या मंजिऱ्या तपकिरी होऊन वाळल्या असतील त्या कात्रीने कापून घ्याव्या व कागदावर चोळाव्या. प्रत्येक पुष्पकोशात चारपर्यंत बारीक बिया असतात. त्या फुंकून, दोन दिवस सावलीत वाळवून, कागदाच्या पुडीत भराव्या व पुडीवर तिथी लिहून ठेवावी. बी इतके सूक्ष्म असते की, एक हेक्टर क्षेत्रास पुरतील एवढी रोपे करावयास दोनतीनशे ग्रॅम बी पुरते. तेव्हा एका घरास दोन मंजिऱ्या पुष्कळ झाल्या.

ज्येष्ठाच्या प्रारंभी उथळ परातीएवढ्या कुंडीत बी पेरावे. ते चिमूटभर बारीक वाळूत मिसळून सारखे भुरभुरावे व त्यावर मातीचा केवळ पापुद्रा द्यावा. खोल पेरलेले बी उगवत नाही. पाणी ओतू नये, हाताने शिंपडावे. दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा. आठ ते बारा दिवसांत अंकुर दिसतात. रोपे दाट झाली तर दुबळी उपटून टाकावी, कारण दाटी व अतिओल ह्यांनी कोवळी रोपे मातीलगत कुजून कोलमडतात. सुमारे सहा आठवड्यांत चार-पाच जोड पाने येतात. तेव्हा आषाढी एकादशीच्या सुमारास, संध्याकाळच्या वेळी, दहा ते बारा इंची कुंडीत एकेक रोप लावावे.

राम व कृष्ण अशा दोन्ही तुळशी शेजारी असल्यास मधमाश्यांच्या येण्याजाण्याने परागांचा संकर होतो व बीजापासून मिश्र रंगाची रोपे निघतात. आजीच्या हातची काळीभोर तुळस जशीच्या तशी हवी असेल तर बोटभर लांबीची, मंजिरी न आलेली फांदी घेऊन, खालची पाने काढून, ती ओलसर वाळूत सावलीत लावावी. मुळे फुटली की कुंडीत न्यावी. अशा रीतीने एका घराची तुळस लेकीबरोबर सासरी, आणि मुंबई-पुण्यास गेलेल्या मुलाच्या घरीही जाऊ शकते.

५. खुडणी, मंजिरी व ऋतुचर्या

रोप वीतभर झाले की त्याचा शेंडा नखाने खुडावा. शेंडा असतो तोवर तो बाजूच्या डोळ्यांना वाढू देत नाही. तो गेला की प्रत्येक पानाच्या बगलेतून फांदी फुटते व झुडूप डेरेदार होते. नित्य पूजेसाठी पाने ओरबाडू नयेत. पानांच्या जोडीच्या वर कोवळा तुरा खुडावा. एका वेळी रोपाच्या तृतीयांशापेक्षा अधिक पाने काढू नयेत. द्वादशीस, रविवारी व सूर्यास्तानंतर तुळस तोडू नये, असा संकेत आपल्याकडे आहे. त्याचे धार्मिक कारण काहीही असो, रोज खुडल्या जाणाऱ्या झुडपास त्यामुळे विसावा मिळतो, हे निश्चित.

मंजिरी धरू लागली की रोपाचे बळ बी पोसण्याकडे वळते; पाने लहान होतात व फांद्या ताठरतात. म्हणून श्रावण-भाद्रपदात मंजिऱ्या कोवळ्या असतानाच खुडून देवास वाहाव्या. आश्विनापासून मात्र विवाहासाठी व बीजासाठी राखाव्या. मंजिरी भगवंतास प्रिय आहे असे आपण म्हणतो. ती वाहिल्याने रोपासही नवी पालवी फुटते, हा दुहेरी लाभ आहे.

पौष-माघात थंडीने वाढ थांबते व पाने गळतात. ह्याच वेळी अनेकजण रोप मेले समजून उपटून टाकतात. तसे करू नये. बुंध्याची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर प्राण आहे. पाणी कमी करावे, वाळलेले शेंडे हिरव्या भागापर्यंत छाटावे, कुंडी उन्हात ठेवावी. फाल्गुनात पालवी येईल. तेव्हा मूठ-दोन मूठ खत द्यावे. वैशाखात दुपारची सावली, सकाळचे पाणी व मातीवर वाळलेल्या पानांचे आच्छादन, एवढी काळजी पुरते.

६. कीड

पाने आकसून काळपट पडू लागली तर ती उलटून पाहावी. काळे ठिपके व जाळीदार पंखांचे तिळाहून लहान किडे दिसले तर तुळशीस नेहमी त्रास देणारा रस शोषणारा किडा लागला असे समजावे. पांढरा कापसासारखा थर दिसला तर तो पिठ्या ढेकूण. बाधित शेंडे कापून कुंडीपासून दूर न्यावे, पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा, आणि लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा कडुनिंबाचे तेल व थोडा साबण घोळवून संध्याकाळी फवारावे. आठवड्याने पुन्हा करावे. तितके दिवस त्या रोपाची पाने तीर्थात घालू नयेत. रासायनिक विषे मुळीच वापरू नयेत, कारण हे पान आपण मुखात घालतो.

७. काही समजुतींविषयी

तुळस रात्रीही प्राणवायू सोडते असे सांगितले जाते. ते खरे नाही. सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडणे व रात्री श्वसनासाठी तो घेणे, हा हिरव्या वनस्पतींचा सामान्य धर्म तुळशीसही लागू आहे. कुंडी दारात ठेवली म्हणजे डास पळतात हेही तितकेसे खरे नव्हे. तेल ग्रंथींत बंद असते, ते पान चुरल्यावाचून फारसे बाहेर येत नाही. तुळशीचा काढा घरगुती उपचार म्हणून चांगला. परंतु गर्भवती स्त्रियांनी व रक्त पातळ होण्याची औषधे घेणाऱ्यांनी वैद्यास विचारल्यावाचून तो नित्य घेऊ नये. तुळशीचे माहात्म्य अशा खोट्या आधारांवर उभे नाही. ते काढून घेतल्याने कमी होणार नाही.

आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची समजूत स्पर्शाची. रोपाच्या मुळांस, पानांस व ग्रंथींस माणसाचा विटाळ कळत नाही. त्यास ऊन कळते, ओल कळते, हवा कळते. घरातील तुळस वाळली तर प्रथम तळाचे भोक पाहावे, मग माती, मग ऊन, मग पानांची खालची बाजू. ह्या चार ठिकाणी कारण बहुधा सापडतेच. ते न पाहता घरच्या लेकीसुनेवर दोष ठेवणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि ज्या तुळशीस आपण वृंदा म्हणून, एका पतिव्रतेचे रूप म्हणून वंदन करतो, तिच्या पूजेस तो शोभणारा नाही. जिच्याकडे रोज पाणी घालण्याचे काम आहे तिलाच ह्या रोपाची प्रकृती अधिक कळते. तिचे म्हणणे घरातील मंडळींनी ऐकावे.

येत्या कार्तिकात विवाह लागल्यावर मंजिरीची एक पुडी प्रत्येक घराने राखून ठेवावी, आणि आषाढीस त्यातील एकेक रोप शेजारच्या घरी द्यावे.

मननार्थ प्रश्न

१. आपल्या वृंदावनाच्या तळास भोक आहे काय? ते आज पाहा.
२. मुळे कुजलेले रोप तहानलेल्या रोपासारखे का दिसते?
३. शेंडा खुडल्याने झुडूप डेरेदार का होते?
४. चातुर्मास व तुळशीचा बहर ह्यांचा मेळ कसा बसतो?
५. तुळस वाळल्यास कोणत्या चार गोष्टी क्रमाने तपासाव्या?